परदेशांतील नवागत आणि त्याचा क्रमांक



नांदेड आणि लातूर हे दोन्ही मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होते, आणि त्या संस्थानांत ‘मुलकी’ व ‘गैरमुलकी’ असा एक भेद होता, हें जुन्या घरांतून अद्याप ऐकावयास मिळतें. १९१९ च्या फर्मानानें बाहेरून आलेल्या मनुष्यास पंधरा वर्षांचें वास्तव्य सिद्ध केल्यावांचून मुलकी ठरतां येत नसे, आणि गैरमुलक्यास सरकारी नोकरी मिळणें दुरापास्त असे. पुण्याचा मराठी मनुष्य नांदेडास आला तरी तो परकाच! आज त्याच नांदेड-लातूरचीं मुलें जर्मनीस, अमेरिकेस शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं जातात आणि तेथें परकीं ठरून दाखल्याकरितां रांगेंत उभीं राहतात. या दाखल्याचें आजचें रूप म्हणजे एक क्रमांक. आपला बारा आंकड्यांचा आधार क्रमांक, ज्याचें वाटप २०१० सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवापासून सुरू झालें, तेथें कामास येत नाहीं.

जर्मनीचें उदाहरण घेऊं. तेथें घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नोंदणी कचेरींत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठीं, हा इसम खरोखरच माझ्या घरीं राहावयास आला आहे, असें घरमालकाचें लेखी पत्र हवें. पहिल्यानें नोंद झाली म्हणजे अकरा आंकड्यांचा कर-क्रमांक कांहीं आठवड्यांनीं टपालानें येतो. तो जन्मभर बदलत नाहीं. येथें एक बारीक गोष्ट आहे, आणि तीच पुष्कळांना नडते. तिकडे बिऱ्हाडांना बहुधा क्रमांक नसतात. टपालवाला पेटीवरील नांव पाहून पत्र टाकतो. आपला मुलगा दुसऱ्याच्या बिऱ्हाडांत खोली घेऊन राहिला आणि पेटीवर त्याचें नांवच नसलें, तर पत्र आल्या वाटेनें परत! क्रमांक नोकरीच्या ठिकाणीं कळविला नाहीं, तर पगारांतून सर्वांत जड दरानें कर कापला जाण्याची पाळी येते. पुन्हां मागितला तरी तो टेलिफोनवर सांगत नाहींत, टपालानेंच पाठवितात. तेव्हां पेटीवर नांव चिकटविणें हें पहिल्या दिवसाचें काम.

अमेरिकेंत क्रमांकाचा संबंध पत्त्यापेक्षां कामाशीं अधिक आहे. १९३६ पासून तेथें नऊ आंकड्यांचा सामाजिक सुरक्षेचा क्रमांक देतात. विद्यार्थ्यास नोकरी लागल्याचें पत्र दाखविल्यावांचून तो सामान्यतः मिळत नाहीं. आणि तेथें नोकरीवर गेलेल्याच्या मागोमाग आश्रित म्हणून गेलेल्या पत्नीस कामाचा परवाना नसेल, तर तो मिळत नाहीं. करापुरता दुसरा क्रमांक तिला काढतां येतो, पण त्यानें नोकरी करतां येत नाहीं. २०१५ च्या नियमानें अशा कांहीं स्त्रियांस परवाना मिळूं लागला. मात्र पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज बराच पुढें गेलेला असावा लागतो. मुलगी इंजिनियर झाली आणि परदेशीं दिली, म्हणून आनंदणाऱ्या घरानें हें लग्नापूर्वीच विचारून घ्यावें.

आतां आम्हां मास्तरांचा अपराध. शाळेंत नांव घालतांना जन्मतारीख ठाऊक नसली कीं १ जून लिहून टाकावयाची, ही आपल्याकडील जुनी वहिवाट. मींही ती पाळली आहे. इकडे तिचें कोणास कांहीं वाटत नाहीं. स्वीडनमध्यें मात्र १९४७ पासून चालत आलेल्या व्यक्तिक्रमांकाची सुरुवातच जन्मतारखेनें होते. पुढें तीन आंकडे आणि शेवटीं पडताळ्याचा एक. म्हणजे एका दिवसाच्या वाट्यास हजाराहून कमी क्रमांक आले. बाहेरून आलेल्या पुष्कळांच्या कागदांवर तीच ती ठराविक तारीख असल्यामुळें कांहीं तारखांचे क्रमांक तेथें अपुरे पडले!

नांवाचेंही तसेंच. आपला शाळेचा दाखला आडनांवापासून सुरू होतो. पासपोर्टांत आडनांव एका रकान्यांत, आणि स्वतःचें व वडिलांचें नांव मिळून दुसऱ्या रकान्यांत जातें. लग्नानंतर मुलीचें नांव बदललें तरी पदवीवर माहेरचेंच राहतें. परदेशी कारकून पासपोर्टावरचीं अक्षरें जशींच्या तशीं उतरून घेतो. ज्यांचे पासपोर्ट अजून निघावयाचे आहेत, त्यांनीं जन्माची नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला आज रात्रींच शेजारीं शेजारीं ठेवून वाचून पाहावा.