खुबा बसला, आता धीर हवा

तुमच्याही घरात कुणी बाथरूममध्ये घसरून पडलंय का? आमच्या दापोडीच्या घरात आजोबा पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभंही केलं. आम्ही फॅमिली ग्रुपवर 'ऑपरेशन सक्सेसफुल' टाकून मोकळे!

त्याच रात्री आजोबा उठून बसले. 'डबा भर, फर्स्ट शिफ्ट आहे.' एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर होऊन त्यांना २० वर्षं झालीत. मी हादरलेच. डॉक्टर म्हणाले, हा डिलिरियम. खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर पेशंटमध्ये बऱ्याचदा दिसतो, बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. पण असं दिसलं की लगेच सांगायचं, कारण त्यामागे इन्फेक्शन, एखादं औषध किंवा शरीरात पाणी कमी पडणंही असू शकतं. आपण चष्मा, कानाचं मशीन जवळ ठेवायचं, समोर घड्याळ लावायचं, ओळखीच्या माणसानं शेजारी बसायचं. वाद घालायचा नाही.

खरी अडचण घरी आल्यावर. डॉक्टरांनी सांगितलेलं, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. आम्ही सगळे जमिनीवर जेवायला, आजोबा एकटे खुर्चीत. चौथ्या दिवशी म्हणाले, 'माझं ताट आतच आणून दे.' तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली. आता सगळेच पलंगावर, स्टुलावर, जागा मिळेल तिथे बसतो.

आणि पडायची भीती! पाय तयार, माणूस नाही. त्यात माझी भर, 'आजोबा, तुम्ही बसा, मी आणते.' फिजिओथेरपिस्टनी मलाच झापलं. भीतीनं माणूस बसून राहिला की स्नायू कमजोर होतात, मग खरंच तोल जातो. आता पाण्याचा ग्लाससुद्धा आणून देत नाही. फक्त हाताच्या अंतरावर सोबत चालते.

दोन आठवडे उलटूनही माणूस गप्प, जेवण नको, झोप नाही, असं असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. १४४१६ ही 'टेलिमानस' सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. रात्री जागून वैतागलेल्या नातवंडांनाही चालते. मी केलाय फोन.

आमची गल्ली अरुंद, त्यात दोन्हीकडे बाइक. काल आजोबा वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेले. दोनदा थांबले. चहाचे पैसे काही मला देऊ दिले नाहीत.