हिरवा त्रिकोण म्हणजे मधमाशीला अभय नव्हे

कीडनाशक विकत घेताना डब्यावरील त्रिकोणाचा रंग आपण पाहत असाल. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा कमी विषारी औषध दर्शवितो. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, त्या मात्रेवरून हा रंग ठरतो. पोटात गेल्यास ही मात्रा दर किलो वजनास ५० मि.ग्रॅ.पर्यंत असल्यास लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. ही चाचणी उंदरांसारख्या प्राण्यांवर होते. त्यामुळे हा रंग माणसाला होणाऱ्या तीव्र विषबाधेचा इशारा देतो, शिवारातील इतर जिवांचा नव्हे.

माणसाच्या आरोग्यास धोका

धोका दोन गोष्टींवर ठरतो: औषधाचा विषारीपणा आणि त्याच्याशी येणारा संपर्क. फवारणाऱ्याच्या अंगात औषध कातडीतून व श्वासातून जाते, तर खाणाऱ्याच्या पोटात मालावरील अवशेषांतून. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले.

पर्यावरणास धोका

येथेही तोच नियम लागू पडतो, परंतु जीव अनेक आणि संपर्काच्या वाटाही निराळ्या. मधमाशीला औषध फुलातून मिळते, माशाला ओढ्यात वाहून आलेल्या पाण्यातून. इमिडाक्लोप्रिडची उंदरासाठीची घातक मात्रा दर किलोस सुमारे ४५० मि.ग्रॅ. आहे, मधमाशीला मात्र एका ग्रॅमचा कोटीवा भागही पुरेसा होतो. जनावरांच्या औषधातही असेच घडले. डायक्लोफिनॅक गुरांना मानवले, परंतु ते दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारतात २००६ मध्ये त्याचा गुरांसाठीचा वापर बंद करण्यात आला.

म्हणून हे करा

१) रंग कोणताही असो, फवारताना हातमोजे, तोंडावर मास्क व अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.
२) फवारणी व काढणी यांत लेबलवर दिलेले अंतर पाळावे.
३) सूर्यफूल, कांदा बीजोत्पादन, डाळिंब अशी पिके फुलोऱ्यात असताना मधमाश्यांना घातक औषधे टाळावीत. फवारणी अगदीच गरजेची असल्यास मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी करावी.
४) पंप ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नये.
५) डब्यासोबतच्या माहितीपत्रकातील मासे, पक्षी व मधमाश्यांविषयीच्या सूचना वाचाव्यात.

मधमाश्या गेल्या तर फळधारणा घटते आणि तो तोटा आपल्याच पदरी पडतो. तेव्हा औषध निवडताना माझ्या जिवाला काय आणि माझ्या शिवाराला काय, हे दोन्ही प्रश्न विचारावेत.