गाडी उभी, धंदा आडवा: सर्व्हिस सेंटरकडून काम नीट कसं करून घ्यायचं?



डिलिव्हरीच्या गाडीचा खर्च कसा धरायचा, ते आपण व्हिडिओत पाहिलं. पण गाडी बंद पडली आणि शोरूमच्या सर्व्हिस सेंटरने आठ-आठ दिवस लटकवलं, तर काय करायचं? हा विषय व्हिडिओच्या वेळेत बसला नाही, म्हणून इथे सविस्तर घेऊ.

आधी हिशेब करू. समजा, तुमचा दही-पनीर पुरवण्याचा व्यवसाय आहे. स्वतःचा छोटा टेम्पो आहे, तो तुम्हीच चालवता आणि रोज सकाळी बारा-चौदा हॉटेलांना माल पोचवता. टेम्पो बिघडला. दुरुस्तीचं बिल झालं 6,000 रुपये. काम एका दिवसाचं, पण गाडी मिळाली सहा दिवसांनी. त्या जादा पाच दिवसांत भाड्याच्या गाडीला रोज 1,500 प्रमाणे 7,500 रुपये गेले. म्हणजे दुरुस्तीपेक्षा उशीरच महाग पडला! बँकेचा हप्ता तर चालूच. त्यात माल उशिरा पोचतोय म्हणून एखाद्या हॉटेलवाल्याने दुसरा पुरवठादार धरला, तर तो तोटा कुठल्याच बिलात दिसत नाही.

म्हणून बिल किती होईल याच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. गाडी किती दिवस उभी राहणार? आणि तीच तक्रार घेऊन परत यावं लागणार का? या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतात. काउंटरवर आवाज चढवून फार काही होत नाही, कागद मात्र कामाला येतो. कसा, ते बघू.

1. रस्त्यात बंद पडली तर

गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि माणसं गाडीपासून दूर, रस्त्याच्या बाहेर उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 या हेल्पलाइनवर फोन करा.

इंजिन तापल्याचा दिवा लागला असेल, तर "पुढच्या गावापर्यंत नेऊ" असं करू नका. गरम रेडिएटरचं झाकणही उघडू नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर थोडक्यात भागणारं काम मोठ्या खर्चावर जातं.

मग मोबाइल काढा. डॅशबोर्डवर कोणते दिवे लागलेत त्याचा फोटो, आवाज येत असेल तर व्हिडिओ, आणि किलोमीटरचा आकडा. सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते, तेव्हा हाच व्हिडिओ उपयोगी पडतो.

गाडी वॉरंटीत असेल तर रस्त्यावरच्या मेकॅनिकला इंजिन किंवा वायरिंग उघडू देऊ नका. नंतर "बाहेर काम झालंय" म्हणायला त्यांना निमित्त मिळतं. आणि विम्याबद्दल एक लक्षात ठेवा. नेहमीच्या विम्यात अपघाताचं नुकसान मिळतं, आपोआप झालेला यांत्रिक बिघाड मिळत नाही. टोचन आणि रस्त्यावरची मदत हवी असेल, तर ते कलम वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसी काढून बघा, तुमच्याकडे ते आहे का.

2. जॉब कार्ड म्हणजे तुमची ऑर्डर

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. काउंटरवर तुमच्याशी बोलतो तो सर्व्हिस अॅडव्हायझर. गाडी उघडतो तो मेकॅनिक. बहुतेक ठिकाणी या दोघांच्या मध्ये दुवा एकच, तो म्हणजे जॉब कार्ड. तुम्ही तोंडी वीस मिनिटं सांगितलं आणि कार्डावर "जनरल चेकअप" असं लिहिलं गेलं, तर मेकॅनिक जनरल चेकअपच करणार. त्यात त्याची काय चूक?

म्हणून सही करण्याआधी कार्ड वाचा. त्यात या गोष्टी हव्यात:

- लक्षणं, निदान नाही. "क्लच गेलाय" असं लिहू नका. "माल भरलेला असताना चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही" असं लिहायला लावा. तुम्ही निदान सांगितलंत तर ते क्लच बदलून देतील, आणि दोष दुसरीकडे निघाला तर तेही पैसे तुमचेच गेले.
- किलोमीटर, इंधन किती आहे, गाडीवरचे जुने ओरखडे.
- बिलाचा अंदाज आणि "यापेक्षा जास्त काम असल्यास आधी विचारावे" ही ओळ.
- गाडी परत मिळण्याची तारीख आणि वेळ.
- बदललेले जुने पार्ट परत हवेत, ही नोंद. वॉरंटीत बदललेला पार्ट साधारणपणे कंपनीकडे जातो. पण पैसे देऊन बदललेला पार्ट बघायला मागण्यात गैर काही नाही.

कार्डाची प्रत घ्या. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा आणि आवाज प्रत्यक्ष ऐकवा. त्या दहा मिनिटांत दोन दिवस वाचू शकतात.

3. "पार्ट आला नाही" हे उत्तर आलं की

रोज फोन करून "झाली का गाडी?" विचारलं, तर रोज "उद्या बघतो" हेच ऐकायला मिळेल. प्रश्न बदला. कोणता पार्ट? ऑर्डर कोणत्या तारखेला टाकली? कधी येणार? आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर मागा. साधा मेसेज पुरे:

"गाडी क्रमांक अमुक, जॉब कार्ड क्रमांक तमुक. गाडी 3 तारखेपासून आपल्याकडे आहे. 4 तारखेला देण्याचे ठरले होते. आज 8 तारीख. कोणता पार्ट बाकी आहे, ऑर्डर कधी दिली आणि गाडी कधी मिळेल, ते आज संध्याकाळपर्यंत लेखी कळवावे. गाडी माझ्या रोजच्या व्यवसायाची आहे."

यात शिवी नाही, धमकी नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस तारखा लिहून ठेवतो.

उत्तर आलं नाही तर पायरी चढा. अॅडव्हायझरनंतर सर्व्हिस मॅनेजर, मग डीलरशिपचे मालक, मग गाडी बनवणाऱ्या कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र. डीलर हा बहुतेक वेळा स्वतंत्र व्यावसायिक असतो, कंपनी वेगळी. त्यामुळे कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतलात, की डीलरला वरूनही विचारणा होते. तक्रार क्रमांक न घेता फोन ठेवू नका.

4. गाडी ताब्यात घेताना

आधी चक्कर, मग पैसे. ज्या परिस्थितीत बिघाड व्हायचा, तशाच परिस्थितीत चालवून बघा. बिल ओळीने वाचा: पार्ट किती, मजुरी किती, न सांगता केलेलं काही आहे का. एखाद्या रकमेवर वाद असेल आणि गाडी तर आजच हवी असेल, तर "हरकत नोंदवून रक्कम भरत आहे" असं लिहून भरा आणि त्याचा फोटो ठेवा. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर तुमचा नंबर टाकून घ्या. मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. तुमच्या सीएला विचारा.

आणि तीच तक्रार परत आली तर? "ठेवून जा, बघून देतो" हे मान्य करू नका. नवीन जॉब कार्ड उघडायला लावा आणि त्यावर "हीच तक्रार दुसऱ्यांदा" असं लिहून घ्या. एकाच दोषाची तीन जॉब कार्डं म्हणजे तुमच्या हातातला पक्का पुरावा. कार्ड न उघडता झालेलं काम कागदोपत्री झालेलंच नसतं.

5. तरीही दाद मिळाली नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे तक्रार नोंदवली की कंपनीपर्यंत जाते, बऱ्याचदा इथेच मार्ग निघतो. नाही निघाला तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही अर्ज करता येतो.

"पण सर, गाडी तर धंद्याची आहे, मी ग्राहक कसा?" हा प्रश्न रास्त आहे. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. पण 2019 च्या कायद्यात एक सवलत आहे: फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरत असाल, तर तुम्ही ग्राहकच. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात जुन्या कायद्याखाली हाच फरक समजावला होता. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा ग्राहक, रिक्षा घेऊन दुसऱ्याला चालवायला देणारा नाही. मदतीला एक-दोन माणसं असली तरी चालतं. तेव्हा स्वतः टेम्पो चालवणाऱ्याची बाजू भक्कम. चार गाड्या आणि चार ड्रायव्हर असतील, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

6. आजच करायच्या तीन गोष्टी

पहिली, बदली गाडी देणाऱ्या दोन जणांचे नंबर घ्या आणि भाडं आधीच ठरवून ठेवा. दुसरी, किलोमीटरमागे काही रक्कम वेगळी काढा. महिन्याला 2,000 किलोमीटर चालत असेल आणि दीड रुपया बाजूला टाकलात, तर 3,000 रुपये जमतात. तिसरी, एक फाइल करा: विमा, वॉरंटीचं पुस्तक, सगळी जॉब कार्डं, सगळी बिलं. वॉरंटीतल्या सर्व्हिसिंगच्या तारखा चुकवू नका, आणि सर्व्हिसिंग तुमच्या मंदीच्या दिवशी लावा.

शेवटी एक. गाडी बंद पडली त्या सकाळी पहिला फोन सर्व्हिस सेंटरला नको. तो तुमच्या ग्राहकांना करा: "माल तासभर उशिरा येतोय, पण येतोय." सर्व्हिस सेंटरकडून आपल्याला हेच तर हवं असतं ना, खरी वेळ आणि वेळेवर निरोप? मग आपल्या हॉटेलवाल्यालाही तेच हवं असणार.