दोष बोटांचा नव्हे, तारांच्या उंचीचा!

गिटार शिकण्याची हौस शहरांतील अनेक घरांत एकदा तरी डोकावून जाते आणि पुष्कळदा काही महिन्यांतच मावळते. मग ती गिटार कपाटाच्या माथ्यावर चढते आणि कालांतराने एखाद्या भाच्या-पुतण्याकडे जाते किंवा कमी किमतीत विकली जाते. तिचा नवा मालकही चार दिवस नेटाने झटतो. बोटांच्या टोकांवर वळ उठतात, 'एफ' कॉर्ड काही केल्या स्वच्छ वाजत नाही आणि अखेर 'संगीत आपल्या बोटांतच नाही' असे म्हणून तोही हात टेकतो. खरे तर अनेकदा दोष बोटांचा नसतो. तो तारा आणि पडदे यांच्यातील एक-दोन मिलिमीटरच्या जादा अंतराचा असतो. हे अंतर मोजता येते आणि कमीही करता येते. जुनी गिटार जुळवून घेणे म्हणजे मुख्यतः हेच काम होय.

मुळात हे अंतर वाढते कशामुळे? सुरात लावलेल्या सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो भरतो. लाकडाची हलकी पेटी आणि सडपातळ दांडी हा ताण वर्षानुवर्षे सोसत असते. परिणामी दांडी पुढच्या बाजूस किंचित वाकते आणि घोडीमागची फळी फुगते. तारा पडद्यांपासून दूर जातात. त्या दाबण्यास जास्त जोर लागतो आणि जोराने दाबलेली तार अधिक ताणली जाऊन सूरही चढतो. शिकणाऱ्याला श्रम होतात आणि वर बेसूरपणाही पदरी पडतो.

घेण्यापूर्वीची पारख

सुतार फळीची कड डोळ्यासमोर धरून पाहतो, तशीच गिटारची दांडी टोकाकडून न्याहाळावी. ती पिळवटलेली असेल तर ते वाद्य टाळणेच बरे. घोडी आणि फळी यांच्या सांध्यात कागदाचा कपटा सरकतो का, हे पाहावे. सरकत असेल तर घोडी उखडू लागली आहे, असे समजावे. घोडीवरील पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, आधीच घासून अगदी बुटके झालेले असूनही तारा उंच असतील, तर दांडीचा कोन नव्याने बसवावा लागतो. हे काम खर्चिक असते. साध्या गिटारसाठी तो खर्च परवडत नाही.

आणखी एक खबरदारी अत्यावश्यक आहे. नायलॉनच्या तारांसाठी घडवलेल्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. नायलॉनच्या तारांचा एकूण ताण साधारण ४० किलोच असतो. पोलादी तारांच्या ओढीने अशा गिटारची घोडी उखडू शकते.

जुळवणीचा क्रम

प्रथम जुन्या तारा काढून पडद्यांमधील मळ मऊ फडक्याने पुसावा, खुंट्यांचे सैल स्क्रू आवळावेत आणि नव्या तारा चढवून गिटार सुरात लावावी. त्यानंतर दांडी, मग नट आणि शेवटी सॅडल, हा क्रम मोडू नये. दांडी हलली की पुढची सारी मापे बदलतात.

दांडी तपासण्यासाठी वेगळी पट्टी लागत नाही. ताणलेली तारच पट्टीचे काम करते. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या पडद्यापाशी तारेखाली किती फट राहते, ते पाहावे. पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट पुरेशी होय. ती जास्त असेल तर दांडीतील ट्रस रॉड ही पोलादी सळई आवळावी लागते. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ मध्ये अशा जुळवता येणाऱ्या सळईच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे ही सोय सर्वत्र रूढ झाली. सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि ती अडली तर बळजबरी करू नये. तुटलेला ट्रस रॉड दुरुस्त करणे फार अवघड असते. सर्वच जुन्या गिटारींत तो असतो, असेही नाही.

दांडीच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी म्हणजे नट. तार तिसऱ्या पडद्यावर दाबली असता पहिल्या पडद्यावर कागदाएवढीच फट राहावी. ती मोठी असेल तर पहिल्या पडद्यावर वाजणारी 'एफ' कॉर्ड सर्वांत आधी छळते. मात्र नटच्या खाचा प्रमाणाबाहेर खोल गेल्या तर मोकळी तार झणझणते. म्हणून हे काम कारागिराच्या हातीच द्यावे.

राहिले सॅडल. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची अडीच आणि बारीक तारेची दोन मिलिमीटरच्या जवळपास असावी. बारावा पडदा तारेच्या साधारण मध्यावर येतो. त्यामुळे तेथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावे लागते. तेही खालून! सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून थोडे थोडे घासावे आणि पुन्हा बसवून पाहावे. काढलेला भाग परत जोडता येत नाही.

सॅडलच्या वरच्या कडेला हात का लावायचा नाही, हे समजण्यासाठी मिरजेच्या तानपुऱ्याचे उदाहरण चांगले आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीचा माथा अशा नजाकतीने घासतात, की तार तिच्यावर ओझरती टेकत राहते आणि त्यातून जवारीचा भरीव झंकार उमटतो. गिटारचे शास्त्र याच्या नेमके उलट आहे. तेथे तार एका ठळक कडेवरून सुटावी लागते. ती कड सपाट झाली तर तीच झणझण दोष ठरते.

आपल्या गळ्याला जुळणारी

वाद्य दुरुस्त झाले, तरी ते आपलेसे व्हायला हवे. नवख्याने दहा किंवा अकराच्या, म्हणजे पहिली तार इंचाच्या १० वा ११ हजारांश जाडीची असलेल्या तारा निवडाव्यात. त्या बोटांना सुखद असतात. बाराच्या तारांचा आवाज अधिक भरदार असतो. सर्व तारा अर्ध्या सुराने उतरवूनही ताण हलका करता येतो.

गाण्याबरोबर वाजवणाऱ्यांनी कॅपोचा उपयोग अवश्य करावा. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून 'सी'च्या कॉर्ड वाजवल्या की काळी एक, 'जी'च्या वाजवल्या की काळी चार आणि 'ए'च्या वाजवल्या की काळी पाच ही पट्टी मिळते. डावखुऱ्यांनी मात्र केवळ तारा उलट्या चढवू नयेत. नटच्या खाचा आणि सॅडलचा तिरपेपणा उजव्या हाताच्या हिशेबाने केलेला असतो.

पावसाळ्याची काळजी

एवढे करूनही जुळवणी कायमची होत नाही. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात हवा याहून कितीतरी दमट असते. लाकूड फुगते आणि तारा पुन्हा उंच वाटू लागतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा सतत वातानुकूलित खोलीत लाकूड आकसते, पडद्यांची टोके हाताला बोचू लागतात, प्रसंगी फळीला तडाही जातो. ओल धरणाऱ्या भिंतीवर गिटार टांगू नये आणि उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. पेटीत ठेवून, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि हवा कोरडी होताच त्या काढाव्यात. ऋतू बदलला की बाराव्या पडद्यावरची उंची एकदा मोजावी.

नव्या वाद्याचा मोह होण्यापूर्वी किंवा शिकण्याचा नाद सोडण्यापूर्वी एक पट्टी घेऊन हे माप तपासणे कुणालाही जमण्यासारखे आहे. तारा योग्य उंचीवर आल्यानंतरही बोटे काही दिवस दुखतील. पण ते दुखणे सरावाने जाणारे असते. उंच तारांचे दुखणे सरावाने जात नाही, त्यासाठी वाद्यच जुळवावे लागते.