बॅक्युलाचा पोर्ट कोणी बळकावलाय?
बॅक्युला हा मुक्तस्रोत बॅकअप सर्व्हर टाकला आणि सेवा सुरूच होईना? लॉगमध्ये ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ शोधा. त्याच्या डायरेक्टरला ९१०१, क्लायंटला ९१०२ आणि स्टोरेजला ९१०३ हा पोर्ट लागतो. गंमत म्हणजे प्रोमिथियस या देखरेख प्रणालीला आकडेवारी पुरवणारे एचएप्रॉक्सी, स्टॅट्सडी आणि कलेक्टडी एक्स्पोर्टर नेमके याच तीन आकड्यांवर बसतात! बॅक्युलातून फुटून निघालेला बॅरिओसही तेच वापरतो.

लिनक्सवर ‘एसएस’, विंडोजवर ‘नेटस्टॅट’ योग्य पर्यायांसह चालवा. जागा अडवणारी प्रोसेस क्रमांकासकट सापडते. बॅक्युलाचा पोर्ट बदलता येतो, पण क्लायंटचा ९१०२ हलवला की डायरेक्टरच्या कॉन्फिगमध्ये आणि फायरवॉलमध्येही बदल आलाच. त्यापेक्षा एक्स्पोर्टर हलवणं सोपं. आणि हो, अनोळखी प्रोसेस घाईत किल करू नका.