ऊसनोंदीची तारीख आणि संगणकाचा फॉर्म



देहूरोड भागातला ऊस आता प्लॉटिंगमधून उरलेल्या गुंठ्यांवर आला आहे. फड लहान, तोड एकाच खेपेत उरकते. म्हणून नोंद चुकली की सगळाच ऊस अडकतो.

गेल्या हंगामात तसेच झाले. एका सभासदाच्या आडसाली लागणीची तारीख आम्ही संगणकातील तक्त्यात 10/07 अशी टाकली. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची, त्याने आधी महिना धरला. 10 जुलैचे 7 ऑक्टोबर झाले, आडसाली ऊस पूर्वहंगामी ठरला आणि तोडीचा नंबर मागे गेला. उसाला तुरे आले, वजन घटले. चूक आमची, झळ सभासदाला.

आता तक्त्यात थेट लिहिणे आम्ही बंद केले आहे. लिबरऑफिस बेसला नुसता तक्ता जोडला तर तो वाचता येतो, दुरुस्त करता येत नाही. म्हणून सगळी माहिती एकदाच डेटाबेसच्या टेबलात उतरवली व त्यावर फॉर्म बसवला. फॉर्मवर एका वेळी एकाच फडाची नोंद दिसते, शेजारच्या ओळीत हात जात नाही. महिना अक्षरी, आणि को 86032 की फुले 265, ही जात यादीतूनच निवडायची. गट नंबर रिकामा राहिला तर नोंद पुढे सरकतच नाही.

पण फॉर्म रिकामी जागा पकडतो, चुकीची तारीख पकडत नाही. ती आपणच पकडायची. तेव्हा सातबारा घेऊन यावे, छापील प्रत वाचून पाहावी आणि मगच सही करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी