दूध आहे, पान्हा नाही

गेल्या पंधरवड्यात सातारा जिल्ह्यातील एका आजीबाईंचे पत्र आले. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली त्यांची मुलगी; मुलगा जन्मून सहा दिवस झालेले; पहिले दोन दिवस दूध जेमतेम थेंबथेंब, चौथ्या दिवशी पहाटे मात्र छाती दगडासारखी टणक होऊन अंगात कणकण भरलेली; आणि तरीही मूल पाच-दहा मिनिटे लुचून तोंड सोडते नि रडून घर डोक्यावर घेते. 'दूध इतके दाटले आहे की पोरीला पदराचा स्पर्शही सोसवत नाही, मग लेकरू उपाशी कसे? दूध आहे की नाही, एवढे शास्त्राच्या आधाराने सांगा,' असा त्यांचा प्रश्न. आणि खाली ताजा कलम म्हणून आणखी एक, त्याकडे मी शेवटी येईन.

हाच प्रश्न माणसाच्या बाळंतिणीऐवजी गोठ्यातल्या गाईविषयी असता, तर आजीबाईंनी त्याचे उत्तर मलाच पढविले असते. कास तुडुंब भरलेली असूनही परका माणूस धारेला बसला, कुत्रे अंगावर आले किंवा वासरू दृष्टीस पडले नाही, की गाय पान्हा चोरते, हे शेतकऱ्याच्या घरातील लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणूनच आधी वासरू सोडावयाचे, त्याने कासेला दोन ढुशा दिल्या आणि सडांत दूध उतरले की त्याला बाजूला ओढावयाचे, गाईपुढे आंबोण ठेवावयाचे आणि मग चरवी घेऊन बसावयाचे. दूध ही एक वस्तू आणि पान्हा ही दुसरी, हा भेद आपल्या भाषेने केव्हाच करून ठेवला आहे. संस्कृतातील 'प्रस्नव' म्हणजे पाझरणे. त्याचा हा मराठी वंशज, आणि इतका नेमका शब्द शरीरशास्त्राच्या परिभाषेतही मला सहजासहजी सापडत नाही.

पाश्चात्त्य शरीरशास्त्राला हा भेद प्रयोगाने सिद्ध करावयास विसावे शतक उजाडावे लागले. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा अर्क शेळीला टोचला असता तिचे दूध वाहू लागते, असे ऑट आणि स्कॉट यांनी १९१० साली दाखविले. (या ग्रंथीचे युरोपीय नाव कफवाचक लॅटिन शब्दावरून पडले, कारण नाकातील शेंबूड तीच बनविते असा प्राचीनांचा समज होता. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तिला पीयूषिका म्हटले. आणि पीयूष म्हणजे केवळ अमृत नव्हे, तर नुकत्याच व्यायलेल्या गाईचे पहिले दूध, ज्याचा आपण खरवस करतो ते, असा अर्थ अमरकोशात दिला आहे. ज्या कोणी हे नाव योजिले त्याला या ग्रंथीचे दुधाशी असलेले नाते अभिप्रेत होते की नव्हते, याचा निवाडा मी करू शकत नाही. नाव मात्र त्या ग्रंथीला शोभून दिसते.) पुढे १९१५ साली गेन्स या अमेरिकी संशोधकाने स्पष्ट लिहिले की दूध तयार होणे आणि दूध बाहेर सोडले जाणे या दोन निरनिराळ्या क्रिया असून दुसरी क्रिया ही प्रतिक्षिप्त आहे, मादीला गुंगी दिली तर पिल्लांनी कितीही लुचले तरी ती घडत नाही. सूत्राची दोन्ही टोके त्याच्या हाती आली होती. परंतु त्याच्या निबंधाकडे जवळजवळ पाव शतक कोणी वळून पाहिले नाही, आणि त्या काळात असंख्य स्त्रियांना 'तुम्हांला दूधच नाही' असे सांगून बाटलीची तजवीज करून देण्यात आली, याची मला फार हळहळ वाटते.

गेन्सचे म्हणणे उजेडात आणले ते गोठ्यानेच. १९४१ साली ईली आणि पीटरसन यांनी एका गाईच्या अर्ध्या कासेकडे जाणाऱ्या नसा कापून टाकल्या, तरी पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच आला. म्हणजे निरोप नसांतून कासेपर्यंत येत नसून रक्तातून येत होता. मग त्यांनी धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. घाबरलेल्या गाईने पान्हा रोखून धरला.

परंतु या सगळ्या इतिहासात माझे मन गुंतते ते नाइल्स न्यूटन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात. त्या स्वतः अंगावर पाजत होत्या आणि त्यांचे पती मायकेल न्यूटन प्रसूतितज्ज्ञ होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील प्रयोगाची माता म्हणजे नाइल्सबाईच. पाजण्यापूर्वी आणि पाजल्यानंतर मूल तराजूत तोलले की पोटात किती दूध गेले ते कळते. निवांत दिवशी मुलाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले. मग बाईंनी पाजताना आपले पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून घेतले, पायाचे अंगठे दुखेपर्यंत ओढवून घेतले, भराभर विचारलेली गणिते सोडविताना मधूनच विजेचे झटके सोसले. अशा दिवशी, केवळ मिठाच्या पाण्याचे निरुपद्रवी इंजेक्शन दिले असता, दूध ९९ ग्रॅमवर आले. तोच छळ चालू ठेवून पीयूषिकेतील ऑक्सिटोसिन टोचले, तेव्हा आकडा १५३वर गेला. दूध त्या दिवशीही छातीत तेवढेच होते; ते अडले होते. एकाच स्त्रीवरचा हा प्रयोग आहे, आणि एकाच स्त्रीवरून सर्व स्त्रियांविषयी निर्णय देणे शास्त्राला मंजूर नाही हे खरे. पण पुढील संशोधनाने मूळ मुद्दा पक्का केला. ऑक्सिटोसिन कृत्रिम रीतीने घडविणाऱ्या द्यु विन्यो यांना १९५५ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचे नाव रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक झाले. स्वतःच्या पान्ह्याची मोजदाद करण्यासाठी विजेचे झटके सोसणाऱ्या या बाईंचे नावही प्रत्येक प्रसूतिगृहात ठाऊक असावयास हवे, असे मला मनापासून वाटते.

दूध घडते ते द्राक्षांच्या घडासारख्या इवल्या पिशव्यांत. प्रत्येक पिशवीभोवती स्नायुपेशींची जाळी टोपलीसारखी विणलेली असते; ऑक्सिटोसिन पोचताच ती आवळते आणि दूध नळ्यांतून पुढे ढकलले जाते. त्या क्षणी काही स्त्रियांना छातीत मुंग्या येतात, दुसऱ्या बाजूची चोळी ओली होते, पहिल्या दिवसांत ओटीपोटात कळही येते, कारण हेच द्रव्य गर्भाशयालाही आकसविते. बाळंतिणीने त्या कळेला भिऊ नये, ती पान्ह्याची खूण आहे. एडिंबरो येथे १९८३ साली झालेल्या अभ्यासात असे दिसले की मूल छातीला लागण्यापूर्वीच, त्याची चाहूल आणि रडे यांनीच, आईच्या रक्तातील ऑक्सिटोसिन वाढू लागते. दूध घडविणारे प्रोलॅक्टिन मात्र प्रत्यक्ष लुचल्यावाचून वाढत नाही. रायगडाच्या कड्यावरून अंधारात उतरलेल्या हिरकणीच्या कथेवर आपला विश्वास चटकन बसतो, त्याचे कारण मला येथे दिसते.

आता आजीबाईंच्या घराकडे वळू. तेथे बर्फाचे पाणी नाही. पण टाक्यांचे दुखणे आहे, चार रात्रींचे जागरण आहे, आणि दर घटकेला पडदा सारून 'आले का गं दूध?' असे विचारणारी माया आहे. शेजारच्या काकूंनी आपल्या सुनेला कसे धो धो दूध होते ते सांगितले आहे. पहिलटकरणीच्या कानांवर दिवसभर पडणाऱ्या या चौकशा नाइल्सबाईंच्या गणितांहून सोप्या आहेत असे मी म्हणणार नाही.

मनाइतकेच महत्त्व लागण्याच्या रीतीला आहे. एका पालिका प्रसूतिगृहात पाहिलेला प्रसंग सांगतो. तीन दिवसांची बाळंतीण, बोंडशीला चिरा पडलेल्या, मूल जवळ घेतले की डोळ्यांत पाणी. परिचारिकेने प्रथम तिच्या पाठीला उशी दिली. मग बाळाची मान, पाठ आणि कुल्ले एका रेषेत धरून त्याचे पोट आईच्या पोटाला टेकविले, बोंडशीचे टोक त्याच्या वरच्या ओठावरून फिरविले आणि ती थांबली. बाळाने तोंड थोडे उघडले. तिने काहीच केले नाही. पुन्हा ओठावर स्पर्श. मग जांभई द्यावी तसा बाळाने मोठा आ केला आणि त्याच निमिषात तिने छाती बाळाकडे न नेता बाळच छातीकडे ओढले. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर मुडपला, काळे वर्तुळ खालच्या बाजूने तोंडात दिसेनासे झाले. आधी भराभर चोखणे, मग लय पालटली: ओढ, विसावा, घोट, ओढ, विसावा, घोट. 'दुखतंय का?' 'नाही सिस्टर.' परिचारिका मागे उभी राहून दोन्ही अंगठ्यांनी तिच्या कण्याच्या दोहों बाजूंना वरून खाली चोळू लागली; आपल्याकडे अंगाला लावणारी बाई तेल घेऊन जे करते तेच, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकांतही पान्ह्यासाठी हाच उपाय सांगितला आहे.

मूल नुसती बोंडशी चोखत राहिले तर ती जीभ आणि टाळू यांच्यामध्ये चिरडते, चिरा पडतात, आणि दूधही निघत नाही. काळ्या वर्तुळासह मोठा घास तोंडात गेला म्हणजे बोंडशीचे टोक कठीण टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो त्याच्या जवळ पोचते, आणि जीभ खाली जाताना निर्माण होणाऱ्या पोकळीने दूध ओढले जाते, हे ऑस्ट्रेलियातील डॉना गेडिस यांच्या अल्ट्रासाउंड चित्रणात दिसले आहे. बोंडशी आत ओढलेली असेल तर तिच्यासाठी एक साधा उपाय आपल्या शेजारच्या कर्नाटकात, दावणगेरे येथे, निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला: दहा मिलिलिटरची सिरिंज घ्यावयाची, सुई बसविण्याचे टोक कापून टाकावयाचे, दट्ट्या त्या कापल्या बाजूने आत घालावयाचा, दुसरी गुळगुळीत कड छातीवर टेकवून दट्ट्या हलकेच ओढावयाचा. काही रुपयांची ही वस्तू किती जणींचे अश्रू थांबविते, हे पाहून त्या डॉक्टरांविषयी कृतज्ञता वाटते.

आजीबाईंच्या पत्रातील पहिल्या दोन दिवसांच्या थेंबांत चिंतेचे काही नव्हते. तो चीक, रोगप्रतिबंधक द्रव्यांनी भरलेला, आणि नवजाताच्या चिमुकल्या जठराला पुरेसा. गाईच्या चिकाचा खरवस आपण वाटून खातो, आणि बाळंतिणीचा चीक मात्र कित्येक घरांत पिळून फेकला जाई, मुलाच्या तोंडात मधाचे बोट जाई. (मध वर्षाच्या आतील मुलाला देऊ नये, त्यातून घातक जंतुविकार होऊ शकतो.) वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन ओसरते आणि साधारण दोन ते चार दिवसांत दूध भरभरून येते, सिझेरियन झाले असेल किंवा मधुमेह असेल तर आणखी थोडे लांबते. ते येताना छातीत रक्त आणि पाणीही दाटते, काळे वर्तुळ ताणून सपाट होते आणि मुलाला घास घेताच येत नाही. छाती भरलेली आणि मूल उपाशी, हा विरोधाभास येथून उद्भवतो. अशा वेळी बोटांनी वर्तुळाभोवती मिनिटभर हलका दाब द्यावा, हाताने थोडे दूध वाटीत काढावे, ते बोंडल्याने पाजावे, आणि वर्तुळ मऊ होताच मूल लावावे. तुंबलेले दूध पुढील दूध घडू देत नाही, म्हणून चोवीस तासांत आठ-बारा वेळा पाजणे हेच या खजिन्याचे खरे व्यवस्थापन आहे. अळीव आणि डिंक बाळंतिणीला पोसतात, ते अवश्य द्यावेत. पण दूध वाढविणाऱ्या भुकट्यांच्या जाहिरातींत जेवढा आत्मविश्वास असतो तेवढा भक्कम पुरावा मला त्यांच्यामागे आढळलेला नाही.

काही स्त्रियांना दूध खरोखरच कमी येते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. प्रसूतीच्या वेळी फार रक्तस्राव होऊन पीयूषिकाच जायबंदी झाली, वारेचा तुकडा आत राहिला, थायरॉइड बिघडले, किंवा दुग्धग्रंथींची वाढच अपुरी असली, तर कोणत्याही उशीने वा मालिशीने ती उणीव भरून निघत नाही. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेले वरचे दूध हे औषध आहे आणि आईने त्याची खंत बाळगू नये. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. दुसऱ्या आईचे, ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले दूध अशक्त अर्भकाला मिळावे, ही त्यामागील तजवीज.

आजीबाईंना मी उत्तर त्याच दिवशी धाडले. मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन वजन करून घ्या, असे प्रथम लिहिले. पहिल्या आठवड्यात दशांशापेक्षा अधिक घट, पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी ओले लंगोट, सुस्ती, वाढती कावीळ, किंवा आईला ताप येऊन छातीचा एखादा भाग लाल होणे, यांत एक दिवसाचीही मुदत घेऊ नये. त्यानंतर ताज्या कलमाचे उत्तर. बाराव्या दिवशी बारसे ठरले आहे, साठ-सत्तर माणसे येतील, ते पुढे ढकलावे काय, असे त्यांनी विचारले होते. मी लिहिले, महिनाभर ढकलावे, आणि पाहुण्यांसाठी रिकामी केलेली माजघरामागची खोली मुलीला देऊन दार लोटून घ्यावे.

परवा त्यांचे कार्ड आले. वजन जन्माच्या दिवसाइतके भरले आहे. बारसे ढकलले. मुलाला मोरीजवळ न्हाऊ घालताना तो रडला, तेव्हा खोलीत निजलेल्या मुलीची चोळी भिजली, एवढे त्यांनी शेवटच्या ओळीत लिहिले आहे.